वेड पांघरून पेडगावला : पीटर फॉल्क आणि त्याचा लेफ्टनंट कोलंबो

लेखनिक (धागाकर्ता)

चौतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. त्यातून एकच विद्या पदरात पडली: तपासणीला जाताना शहाणपण वेशीबाहेर ठेवायचं. "मला यातलं फारसं कळत नाही हो, जरा समजावून सांगता का?" म्हटलं की समोरचा हेडक्लार्क खुर्ची पुढे ओढतो, चहा मागवतो आणि जे व्हाउचर दाखवायचं नव्हतं नेमकं तेच काढून दाखवतो. दरडावलंत तर कपाटाची किल्लीच सापडत नाही.

निवृत्तीनंतर भाच्याने न्यू जर्सीहून 'कोलंबो' या जुन्या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या. पहिल्या रात्री दोन भाग बघितले आणि बायकोला म्हटलं, हा तर आमच्या खात्यातला माणूस!

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लॉस एंजेलिस पोलिसांतला हा लेफ्टनंट. अंगात चुरगळलेला रेनकोट, हातात अर्धी सिगार, बुडाखाली खडखडणारी प्यूजो ४०३. पेन्सिल कधीच खिशात नसते, बहुतेक वेळा खुन्याकडूनच मागून घेतो. खून कुणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवून टाकतात. मग तासभर बघायचं काय? हा गबाळा माणूस त्या बड्या असामीच्या बंगल्यात शिरतो, गालिच्यावर सिगारची राख सांडतो, बायकोच्या गोष्टी सांगतो, निरोप घेऊन दारापर्यंत जातो, कपाळाला हात लावून मागे वळतो आणि अजून एक बारीकसा प्रश्न विचारतो. खुनी आधी हसतो, मग वैतागतो, मग घाबरतो. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे काय, ते इथे बघावं.

या नटाबद्दल वाचायला घेतलं आणि माझी शंका खरी निघाली. पीटर फॉल्क खरोखरच सरकारी नोकर होता!

जन्म १६ सप्टेंबर १९२७, न्यूयॉर्क. बालपण हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात, आईवडिलांचं कापडचोपडाचं दुकान. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला, तेव्हापासून तिथे कृत्रिम डोळा. युद्धाच्या शेवटी सैन्यात जायला निघाला, तर डोळ्यामुळे नकार. मग व्यापारी जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली लागला. तिथे डोळ्याची चौकशी कुणी केली नाही. जहाजावर दिसायला हवं ते फक्त कप्तानाला, असं तो पुढे गमतीने सांगायचा. परत येऊन पदवी घेतली, काही महिने युगोस्लाव्हियात रेल्वेमार्गाच्या कामावर जाऊन आला, १९५३ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी मिळवली. सीआयएकडे अर्ज केला, तिथेही नकार. जहाजावर असताना ज्या कामगार संघटनेचं सभासदत्व घेतलं होतं ती डावी, ते आड आलं.

शेवटी कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प कार्यालयात, हार्टफर्डला, कार्यक्षमता तपासण्याच्या कामावर रुजू झाला. हा कार्यक्षमतेचा जाणकार पहिल्या दिवशी कचेरीची इमारतच शोधत फिरत होता, हेही त्याचंच सांगणं.

हार्टफर्डला संध्याकाळी हौशी नाटकं सुरू झाली. वेस्टपोर्टला ईव्हा ल गॅलिएन ही रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री वर्ग घेत असे, पण फक्त व्यावसायिक नटांसाठी. हा थाप मारून त्यात घुसला. कचेरी सुटल्यावर गाडी हाकत जायचा, म्हणून दर वेळी उशीर. एकदा बाईंनी हटकलं, रोज उशीर का? याने कबूल केलं, मी नट नाही, हार्टफर्डला नोकरी करतो. बाई म्हणाल्या, मग नट व्हायला हवं तुम्ही. याने जाऊन राजीनामा दिला. १९५६ साल, वय अठ्ठावीस. आमच्या खात्यात त्या वयाला लोक घरबांधणी अग्रिमाचा अर्ज लिहीत असतात.

माझं म्हणणं एवढंच की कोलंबो त्याने 'वठवला' नाही. आयुष्यभर लोकांनी त्याला कमी लेखलं आणि कमी लेखलं जाण्याचा उपयोग कसा करायचा, हे तो तिशीपूर्वीच शिकून बसला होता. बाकी जाणकारांनी भर घालावी.

---

खवचट पाहुणा

शीर्षक वाचून श्रीलंकेतल्या कसोटीबद्दल असेल म्हणून आलो. आलोच आहे तर बसतो. चहा आहे का?

---

नेत्रवैद्य

लेखनिकराव, त्या आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो. १९३० च्या सुमाराला डोळा काढणं हाच खात्रीचा मार्ग होता. आता लवकर कळलं तर केमोथेरपी, लेसर वगैरेंनी पुष्कळदा डोळासुद्धा वाचतो. धागा भरकटवतो असं वाटलं तरी चालेल, पण सांगतोच: बाळाच्या फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा मूल अचानक तिरळं बघू लागलं, तर 'मोठेपणी जाईल' म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

आता फॉल्क. कृत्रिम डोळा खऱ्याइतका फिरत नाही. त्यामुळे बाजूला बघायचं तर असा माणूस डोळ्याऐवजी मानच वळवतो. लोक ज्याला कोलंबोचं मिचमिचं, मान वाकडी करून बघणं म्हणतात, त्यात अभिनय किती आणि शरीराची सवय किती, हे सांगणं अवघड आहे. एका डोळ्याने खोलीचा अंदाजही कमी येतो, कपात चहा ओतताना सुरुवातीला सगळ्यांचा सांडतो. असं असून हा शाळेत बेसबॉल खेळायचा, आणि चांगला खेळायचा! एकदा पंचाने तिसऱ्या बेसवर बाद दिलं, तर याने काचेचा डोळा काढून त्याच्या हातात ठेवला. घ्या, तुम्हाला जास्त गरज दिसते!

---

शंकासुर

लेख आवडला, पण गोष्ट जरा जास्तच जुळवून आणली आहे. कोलंबो फॉल्कच्या आधी जन्माला आलेला आहे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडगोळीने तो लिहिला. १९६० मध्ये टीव्हीवर बर्ट फ्रीडने केला. मग १९६२ चं नाटक आलं, त्यात थॉमस मिचेल. त्याच वर्षअखेर मिचेल वारला. १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीला त्या नाटकावरून टीव्हीपट करायचा होता, तेव्हा ली जे. कॉब आणि चक्क गायक बिंग क्रॉस्बी यांचा विचार झाला. क्रॉस्बी नाही म्हणाला, म्हणून फॉल्क! लेखकांच्या डोक्यात होता दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' कादंबरीतला तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच, तोही असाच गोड बोलून गळ्याशी येणारा. दारातून मागे वळणंसुद्धा फॉल्कचं नाही. लेखकांना एक प्रवेश तोकडा वाटला, सगळं पान पुन्हा टंकायचा कंटाळा आला, म्हणून बाहेर गेलेल्याला परत आत बोलावला. यात हार्टफर्डची कचेरी कुठे आली?

---

लेखनिक

शंकासुरभाऊ, तपशील सगळे मान्य. पण मग असं बघा. शब्द लेखकांचे, कोट कोणाचा? फॉल्कचा स्वतःचा. न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर पावसात सापडला असताना पंधरा डॉलरला घेतलेला. स्टुडिओने कपडे आणून ठेवले होते, ते बाजूला सारून याने घरचा कोट आणला. ती प्यूजो? स्टुडिओच्या आवारातल्या गाड्यांतून याने निवडलेली. खिसे चाचपणं, मध्येच विषय सोडून बुटांची किंमत विचारणं, चित्रीकरणात तो यातलं बरंच ऐन वेळी करायचा. समोरच्या नटाला कल्पना नसायची, त्यामुळे चेहऱ्यावर येणारा वैताग अस्सल. साचा लेखकांचा, हे कबूल. पण क्रॉस्बीने केला असता तर तो गबाळा वाटला असता का? पाइप ओढणारा सुखवस्तू काका वाटला असता.

---

हडसनकाठचा

मी रोज मेट्रो नॉर्थच्या हडसन मार्गाने न्यूयॉर्कला नोकरीला जातो. ऑसिनिंग माझ्या वाटेवरचं स्टेशन. त्या गावाची ओळख म्हणजे सिंगसिंग तुरुंग. रेल्वेमार्ग तुरुंगाच्या आवारातूनच जातो, खिडकीतून दोन्ही बाजूंना भिंती दिसतात. गुन्हेगाराला 'नदीवर पाठवला' असं न्यूयॉर्ककर म्हणतात ते याच नदीमुळे.

आता एक योगायोग सांगतो, शंकासुरांनी जुळवून आणल्याचा आळ घेऊ नये. फॉल्कचं नाव झालं ते १९६० च्या 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' मध्ये एब रेलिसच्या भूमिकेने. रेलिस हा ब्रुकलिनच्या भाडोत्री मारेकऱ्यांच्या टोळीतला खरा माणूस. पकडल्यावर माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीने साथीदार विजेच्या खुर्चीत गेले. दोघांना जून १९४१ मध्ये सिंगसिंगमध्येच देहदंड झाला. फॉल्क तेव्हा त्याच गावातला १३ वर्षांचा शाळकरी पोरगा. त्याच नोव्हेंबरात रेलिस पोलिस पहाऱ्यात असताना कोनी आयलंडच्या हॉटेलच्या खिडकीतून खाली पडून मेला. पडला की ढकलला, हे कोडं कोलंबोलाच द्यायला हवं होतं.

या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्या वर्षी दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी लागोपाठ दुसरं. पहिल्या वेळची फजिती त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. मंचावरून 'पीटर' असं ऐकू आलं आणि हा खुर्चीतून उठू लागला. पुढचा शब्द होता 'युस्टिनॉव्ह'.

---

नेत्रवैद्य

आणि त्याआधी कोलंबिया स्टुडिओच्या हॅरी कोनने त्याला नाकारलं होतं. त्याच पैशात दोन डोळ्यांचा नट मिळतो म्हणे! स्टुडिओत काम शोधणाऱ्या माणसाच्या तोंडावर असं बोलणारा मालक आणि कोलंबोसमोर सिगार पेटवून बसणारे ते बंगलेवाले, यांत मला तरी फार फरक दिसत नाही. पुढे मालिकेतही त्याने या डोळ्यावर विनोद करून घेतला. १९९७ च्या एका भागात मदतीला येणाऱ्याला म्हणतो, एकापेक्षा तीन डोळे बरे.

---

आजीबाई सिएटलवाल्या

मुलीच्या बाळंतपणाला म्हणून आले होते, त्या सहा महिन्यांत नातवाला मांडीवर घेऊन सगळा कोलंबो पाहिला. इंग्रजी बेताचं, पण हा माणूस इतका सावकाश बोलतो की सगळं समजतं.

मला सगळ्यांत आवडली ती त्याची बायको. जी एकदाही दिसत नाही! "माझी मिसेस म्हणते", "माझ्या मिसेसना तुमचं पुस्तक फार आवडतं" असं सारखं चालू असतं. नाव काही घेत नाही. आमच्या वडिलांची पिढी 'आमच्या घरातून' म्हणायची, तसंच हो. ती खरंच आहे की हा खुन्याला बोलतं करायला बनवून सांगतो, यावर माझी नि जावयांची पैज लागली होती. जावई म्हणाले, बनवून सांगतो. मी म्हटलं, बायको नसलेल्या माणसाचा कोट इतका चुरगळलेला राहिला तर समजू शकते, पण बायको असून राहतो म्हणजे ती कामात असणार.

---

खवचट पाहुणा

आजी, पैज तुम्ही जिंकलात असं वाहिनीलाही वाटलं होतं. १९७९ मध्ये 'मिसेस कोलंबो' नावाची वेगळी मालिकाच काढली. केट मलग्रू नायिका. लेव्हिन्सन-लिंक त्यात नव्हते, फॉल्कलाही कल्पना पटली नव्हती. चालेना, तेव्हा नाव बदललं, तरी चालेना. दाराआडची बायको दारात आणली की मजा गेली.

आणि त्याचं स्वतःचं नाव? तेही मालिकेत कुणी उच्चारत नाही. यावरून झालेला खटला मला फार आवडतो. फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने सामान्यज्ञानाचा कोश लिहिला. कुणी ढापलं तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली: कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. पुढे 'ट्रिव्हियल पर्स्यूट' या खेळाच्या पत्त्यांवर तोच प्रश्न, तेच उत्तर! वर्थने तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी सरळ कबूल केलं की हो, तुमचं पुस्तकही वापरलं. न्यायालय म्हणालं, माहितीवर कुणाची मालकी नसते, दावा फेटाळला. सापळा उत्तम लावला, चोरही सापडला, पण शिक्षा नाही. (ओळखपत्राचा एक जवळून दाखवलेला तुकडा आहे, त्यावर 'फ्रँक' वाचता येतं.)

---

शंकासुर

हे सगळं गमतीशीर आहे, पण फॉल्क म्हणजे फक्त रेनकोट अशी आठवण राहावी हे मला पटत नाही, मूळ तक्रार तीच होती. त्याच्यातला मोठा नट बघायचा तर दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसचे सिनेमे बघा. 'हजबंड्स' (१९७०) आणि मुख्य म्हणजे 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४). त्यात तो बांधकामावरचा मुकादम आहे आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे जीना रोलंड्सचं, मानसिक संतुलन ढळत चाललंय. तो तिच्यावर जीव टाकतो आणि तिला सांभाळणं त्याला अजिबात जमत नाही. ओरडतो, हात उचलतो, लहान मुलांना ट्रकमध्ये बिअर पाजतो. कोलंबोतला सगळा गोडवा गायब. कुठलाही स्टुडिओ पैसे देईना, तेव्हा फॉल्कने स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. पैसे आले कुठून? कोलंबोतून! मालिका करायची, मानधनासाठी वाहिनीशी भांडायचं आणि मिळालेला पैसा अशा सिनेमात ओतायचा.

'हजबंड्स'मध्ये फॉल्क आणि स्वतः कॅसाव्हेटिस यांच्याबरोबरचा तिसरा मित्र बेन गझारा. तिघांची दोस्ती पडद्याबाहेरही तशीच. कॅसाव्हेटिस कोलंबोत एकदा खुनीही झाला होता, १९७२ चा वाद्यवृंद संचालकाचा भाग.

---

लेखनिक

शंकासुरभाऊ, हा सिनेमा पाहिला नव्हता. आता पाहतो. एक मात्र सांगा, कोलंबोत तुम्हाला कमी दर्जाचं काय वाटतं? साचा एकच आहे हे मान्य, पण १९७१ साली नियमित मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग. खुनी म्हणून कोण कोण येऊन गेलं: रॉबर्ट कल्प, जॅक कॅसिडी, पॅट्रिक मॅगुहन, लिओनार्ड निमॉय, गायक जॉनी कॅश. १९६८ ते ७८ एनबीसीवर ४५ भाग, मग अकरा वर्षांची विश्रांती, आणि १९८९ ते २००३ एबीसीवर आणखी २४. एकूण ६९. कोलंबोसाठी चार एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे मोठे पुरस्कार. त्याआधी १९६२ मध्ये एक छोटं टीव्ही नाटक केलं होतं त्याचा एक, असे पाच. शेवटच्या भागात वय पंचाहत्तर. (नंतरच्या चोवीसांतले निम्मे नसते काढले तरी चाललं असतं, हे माझंही मत.)

---

शंकासुर

दर्जा कमी नाही. सोय जास्त आहे. ६९ वेळा न्याय होतो. ६९ वेळा श्रीमंत माणूस शेवटी सभ्यपणे हात पुढे करतो. खऱ्या आयुष्यात त्याचा वकील आला असता आणि लेफ्टनंटची बदली झाली असती.

---

आजीबाई सिएटलवाल्या

म्हणूनच तर बघायचं ना भाऊ. बदलीचं रोज पेपरात वाचतोच की.

---

तिकीट तपासनीस

बऱ्याच दिवसांनी या सदरात डोकावलो. ऑफिसच्या कामासाठी बुडापेस्टला होतो तेव्हा फाल्क मिक्शा नावाच्या रस्त्याच्या तोंडाशी चक्क कोलंबोचा पुतळा पाहिला. डोकं खाजवत उभा आहे, समोर त्याचा बॅसेट हाउंड कुत्रा बसलाय. २०१४ मध्ये बसवला. ज्याच्या नावाचा रस्ता तो फाल्क एकोणिसाव्या शतकातला हंगेरियन राजकारणी-पत्रकार. दोघं नात्यातले अशी गावात बोलवा आहे, पुरावा कुणाकडे नाही. आडनाव जुळलं, पुतळा उभा राहिला.

त्या भागात या माणसाची लोकप्रियता अफाट होती. सत्तरच्या दशकात कम्युनिस्ट रुमेनियात मालिकेचे भाग संपले, तर लोकांना वाटलं सरकारनेच दाबून ठेवले. फॉल्क स्वतः सांगायचा की तिथल्या जनतेची समजूत घालायला त्याच्याकडून रुमेनियन भाषेत निवेदन वदवून घेतलं होतं. एक शब्द कळत नसताना! जपानमध्येही एनएचके वाहिनीने ही मालिका डबिंग करून दाखवली आणि बायकोचा उल्लेख 'उचि नो कामिसान' असा केला. म्हणजे थेट आजींच्या वडिलांचं 'आमच्या घरातून'.

---

हडसनकाठचा

युरोपचा विषय निघालाच आहे तर जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा १९८७ चा बर्लिनवरचा सिनेमा सुटायला नको. देवदूत शहरावर फिरतायत, माणसांच्या मनातलं ऐकतायत, आणि मध्येच विमानातून उतरतो पीटर फॉल्क, पीटर फॉल्क म्हणूनच! रस्त्यातली पोरं कोलंबो म्हणून हाक मारतात. मग कळतं की हाही पूर्वी देवदूत होता, मुद्दाम माणूस झाला. चहाच्या टपरीसारख्या एका गाड्यापाशी उभा राहून, न दिसणाऱ्या देवदूताला तो सांगतो की थंडीत हात एकमेकांवर चोळायला, गरम कॉफी प्यायला कसं बरं वाटतं, आणि रिकाम्या हवेत हात पुढे करतो. भिंत तेव्हा उभी होती. सिनेमात तो चित्रं काढताना दिसतो, तोही त्याचा खरा छंद. कोळशाने माणसं रेखाटायचा, रीतसर शिकला होता. त्याच वर्षी 'द प्रिन्सेस ब्राइड'मध्ये आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला. माझ्या मुलांना तो तेवढाच माहीत आहे.

---

नेत्रवैद्य

शेवट कुणी लिहिला नाही म्हणून थोडक्यात. अखेरच्या वर्षांत अल्झायमर झाला. २००९ मध्ये न्यायालयाने त्याचा कारभार पत्नीकडे सोपवला. २३ जून २०११ ला बेव्हर्ली हिल्समधल्या घरी गेला, वय ८३. पहिल्या लग्नातल्या दत्तक मुलीला त्याला भेटायला मिळणं अवघड झालं होतं. तिने नंतर चळवळ केली आणि अशा परावलंबी झालेल्या आईवडिलांना भेटण्याच्या मुलांच्या हक्काबद्दल अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायदे झाले. ते फॉल्कच्या नावानेच ओळखले जातात.

---

लेखनिक

काल रात्री 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' पाहिला. अडीच तास. बायको मध्येच उठून आत गेली, मी एकटाच बसलो.

शंकासुरभाऊ, तो इस्पितळातून परत येणाऱ्या बायकोच्या स्वागताला घरभर माणसं गोळा करतो, आणि मग ऐन वेळी त्या सगळ्यांना घालवून देतो, तो प्रसंग. तिथे मी कोलंबो शोधत होतो. एकदाही सापडला नाही. हात खिशात कसे घालायचे तेही या माणसाला माहीत नाही असं वाटत होतं. कोट, सिगार, मान वाकडी करणं, सगळं गेलं कुठे?

हार्टफर्डच्या कचेरीबद्दलचं माझं म्हणणं निम्मं मागे घेतो. निम्मं राहू द्या.

---

शंकासुर

राहू द्या. आता 'मायकी अँड निकी' बघा. वहिनींना आधीच झोपू द्या.

---

खवचट पाहुणा

चहा शेवटपर्यंत आलाच नाही.